चौथी रांग

काचघरात काकडीच्या चार रांगा होत्या. तिघींवर मी दर आठवड्याला माझं औषध फवारायचे, चौथीला नुसतं पाणी. हे औषध रोगाला मारत नाही. ते पानाला खोटा धाक दाखवून आधीच सावध करतं, पुढचं पान स्वतःचं स्वतः निभावतं. मग चारही रांगांवर मी केवडा रोग सोडला. दिसतो बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे, आणि बघता बघता पान पिवळं करून जाळतो. चौथी रांग जळायलाच हवी होती. ती जळली नाही तर बाकीच्या तिघी औषधाने वाचल्या हे सिद्ध कसं करणार? आणि सिद्ध झालं नाही की माझी नोकरी गेली.

पाणी घालायला बाबांना मीच रोजंदारीवर लावलं होतं. नात्यातलं माणूस लावायला मनाई, म्हणून नातं लपवलं होतं.

तपासणीच्या सकाळी चारही रांगा हिरव्यागार! मी बाबांना कोपऱ्यात ओढलं.

"चौथीला काय केलंत?"

"टाकीत उरलेलं औषध मारायचो थोडं थोडं. बिचारीला कुणी काही देतच नव्हतं गं." वर हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस जन्मभर असाच. धाकटा भाऊ अशक्त, म्हणून दूध त्याला. मला काय, "तू दणकट आहेस." आता काकडीसुद्धा माझ्या मुळावर उठली.

तपासणीला आमच्या संस्थेच्या मोठ्या बाई आल्या. पानं उलटून पाहिली. "फरकच नाही. म्हणजे औषध कुचकामी."

"नाही बाई, चौथीलाही औषध मिळालंय. ह्याने मारलं."

"कोण हा? ओळखीचा आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"छे. रोजंदारीवरचा. अक्कल गहाण टाकलीय मेल्याने. उद्यापासून नको."

"चुकलं, मॅडम," बाबा मान खाली घालून मला म्हणाले.

मला आणखी एक हंगाम मिळाला. नवी चौथी रांग वेळेवर पिवळी पडली, वेळेवर जळली. नोकरी पक्की झाली. सांगायला धाकट्याच्या घरी गेले, बाबा तिथेच राहायचे. बाबांनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

"या, मॅडम."

थट्टा असेल म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.