चालू मशीनमधून उपटलेली चिप

दाजींनी ताईचा कॉम्प्युटर मारला होता. पंखा फिरतोय, पडदा काळा, बीप नाही. ताईचं भरतकामाचं यंत्र ज्या कार्डावर चालतं ते याच जुन्या मदरबोर्डात बसतं. बोर्ड गेला की तिचं काम गेलं. दोन दुकानांतून "फेकून द्या, काका" ऐकून दाजी माझ्याकडं आले होते. फेकून द्या म्हणे! यांना दुरुस्ती येते कुठं? नवा खोका गळ्यात मारता येतो.

त्यांच्यासोबत ताईकडं गेलो.

"काय केलंत दाजी?"

"मोठी डिस्क ओळखेना. मग बायोसची बदललेली फाइल टाकली."

बायोस म्हणजे यंत्राला झोपेतून उठवणारा प्रोग्रॅम. एका चिपमध्ये राहतो. तोच मेला की उठवणार कोण?

"फाइल जुळत नाही, असं चिपवर लिहिणारं टूल म्हणालं असेल."

"म्हणालं. पण ते नेहमीच म्हणतं की रे."

खरं होतं, आणि घात तिथंच झाला. दाजींचं-माझं दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा आम्ही फाइली स्वतः बदलायचो, मग टूल बोंब मारणारच. 'तरीही लिहा' दाबायचं आणि मोकळं व्हायचं. असं इतकं दाबलं की इशारा वाचायची सवयच मोडली. या वेळी फाइल खरोखरच दुसऱ्या बोर्डाची होती.

"फाइलींचं पुराण पुरे," ताई म्हणाली. "काम अंगावर आहे. होतंय की नाही तेवढं बोला."

एकच रस्ता होता. असाच बोर्ड माझ्या घरी होता, दुकानाची शेवटची निशाणी. तो चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप उपटायची, तिथं मेलेली बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. एकदा उठलेलं यंत्र बायोसशिवाय तग धरतं. पण चिप तिरकी निघाली तर दोन्ही बोर्ड मसणात.

जाऊन घेऊन आलो. जीव तुटत होता, पण आणला.

पूर्वीसारखाच माझ्या बोर्डाच्या चिपखालून दोरा ओवला, ताईच्याच रिळातला. बोर्ड सुरू केला, चांगला बायोस फ्लॉपीवर उतरवला. आता उपटायचं. एके काळी दाजी गाणं म्हणत चिप काढायचे. आज दोरा धरला आणि सोडून दिला. माझीही तीच गत.

"सरका," ताई म्हणाली. दोरा दोन्ही हातांत धरला आणि चुकलेला टाका उसवावा तशी चिप सरळ वर उचलली. "हं. पुढं?"

खाचेला खाच लावून ताईच्या बोर्डातली मेलेली चिप तिथं बसवली. दाजींचं बोट पुन्हा सवयीनं 'लिहा'च्या बटणाकडं निघालं.

"अहो, वाचा आधी!" ताई ओरडली.

दाजींनी शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं वाचलं, "फाइल जुळते." मग लिहिलं.

ती चिप ताईच्या बोर्डात परत बसवली. एक बीप. पडद्यावर मेमरीचे आकडे चढायला लागले. आताचे कॉम्प्युटर हे दाखवत नाहीत, कंपनीचं चित्र तोंडावर फेकतात. आम्ही तिघं ते आकडे बघत उभे राहिलो. मग भरतकामाची सुई हलली.

"मोठी डिस्क लावायची का?" मी विचारलं.

"हात लावलात तर बोटं शिवून टाकीन. निघा दोघंही."

पायरीवर येऊन बसलो. आत यंत्र खडखडत होतं.

"दुकान चालू ठेवायला हवं होतं का रे?" दाजी म्हणाले.

"कोण येणार होतं?"

त्यांनी आत पाहिलं. "ही आली असती."