खंडेनवमीची गाडी

शालिकरामचं सारं आयुष्य उमरेडला हातमागावर गेलं. माग मोडीत निघाला आणि तो नागपूरला, मनीषनगरात, मुलाकडे, चंदनकडे राहायला आला. पण खंडेनवमीला पोट भरणारी वस्तू पुजल्याशिवाय म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरेना. आता घरात तसं होतं काय? चंदनची टॅक्सी! तिच्यावरच तर चूल पेटत होती. सकाळीच म्हातारा बादली घेऊन बसला. अशी घासली, अशी घासली की काही विचारू नका. चाकांच्या आतल्या अंगाला करडे, मळकट, चौकोनी तुकडे चिकटलेले दिसले. "कुठचं डांबर घेऊन येते बाप्पा," असं पुटपुटत त्यानं ते सुरीनं खरवडले, कचऱ्यात टाकले आणि चारही चाकं लख्ख केली. मग झेंडूचा हार घालून हळदकुंकू वाहिलं.

दसरा झाला. चंदन नेहमीप्रमाणे बुटीबोरीच्या कारखान्यातल्या साहेबांना घेऊन वर्धा रोडला लागला. काटा ऐंशीवर गेला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. गल्लीत हीच गाडी कशी शहाण्यासारखी चाले! मोठ्या रस्त्यावर गेली की अंगात आल्यासारखी करी.

"बाबा, हात झिणझिणून राहिले माहे," घरी येऊन चंदन म्हणाला.

मेकॅनिकनं पहिलाच प्रश्न केला, "चाकांचं बॅलन्सिंग केलं का?"

"नवीन टायर टाकले तवाच केलं. दसऱ्याच्या आधी."

झालं! मग त्या वाटेला कोणी गेलंच नाही. एकानं अलाइनमेंट केली, दुसऱ्यानं खालचे रबरी बुश बदलले, तिसऱ्यानं ब्रेकच्या डिस्क. चौथ्यानं हात झटकले आणि चेसिसच वाकली असेल म्हणाला. थरथर होती तिथंच. मागे बसून साहेबांच्या कमरा दुखायला लागल्या, त्यांनी दुसरी गाडी लावली.

शालिकरामच्या जिवाची नुसती तगमग झाली. आपल्या पूजेत काय कमी पडलं? त्यानं गाडीची दृष्ट काढली, बंपरला लिंबूमिरची बांधली. ज्यातलं काही कळत नाही तिथं माणूस दुसरं करणार काय?

शेवटी गाडी पडत्या भावात काढली. सीताबर्डीला कपड्यांचा ठेला लावणाऱ्या सुशीलनं ती घेतली. सह्या झाल्या, किल्ली गेली. सुशील म्हणाला, "चला, माह्या ओळखीच्या टायरवाल्याले एकदा दाखवू." बापलेकही गेले.

टायरवाल्यानं एक चाक काढून मशीनवर चढवलं, आत डोकावला, मग बाकीची तिन्ही चाकं पाहिली. "अरे, याचे वजन कुठं गेले? चारीचे नाही! हे पाहा, चिकटवल्याचे डाग हायेत. कोणी तरी खरवडले बाप्पा." त्यानं डब्यातून करडे चौकोनी तुकडे काढले. "हे नसले तर चाक सारखं फिरत नाही. हातात थरथर येनारच."

शालिकरामनं त्यातला एक उचलून पाहिला. नवमीला खरवडले ते असेच होते.

नवे तुकडे लागले. सुशील चंदनला घेऊन वर्धा रोडवर फेरी मारून आला. "पान्यावानी चालते न भाऊ!"

"दादा," चंदनचा आवाज अगदी बारीक झाला, "सौदा मोडता येईल का?"

"आता कसं मोडू? कागद झाले न." सुशीलनं मान फिरवली, गाडीत बसला आणि गेला.

चंदन लालबुंद झाला. "त्या पहिल्या टायरवाल्याले सोडत नाही आता! साल्यानं वजनच लावले नाही!"

म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला. "त्याले काही बोलू नको गा. म्या काढले."

"तुमी? काहून?"

काय सांगणार होता शालिकराम? मागावर उभे धागे ताणून धरायला ताण्याच्या दोरीला वजन लटके. त्याला कोणी नुसतं बोट लावलं तरी तो अंगावर धावून जाई, आणि हाच चंदन लहानपणी त्यापायी मार खाऊन बसला होता. वजन म्हणजे काय ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण चाकालाही वजन असतं, हे कधी मनातच आलं नाही.

"नवमी होती गा," तो म्हणाला. "मले वाटलं, घाण हाय."

पोरगा ओरडला असता तर बरं झालं असतं. चंदन ओरडला नाही.

"चाला, ऑटो पाहू," तो म्हणाला. "आता पुढच्या नवमीले काय पुजता, बाबा?"