एकमताने तंबोरा

साकोलीच्या वाचनालयात दर रविवारी अकरा पोरंपोरी प्रोग्रामिंग शिकायला जमत. शिकवायचे भय्याजी, एरवीचे कीर्तनकार. त्यांचं अर्धं ज्ञान पोरांकडूनच आलेलं, उरलेलं अर्धं कीर्तनातून. पण हे ते स्वतःपाशीच कबूल करत.

त्या रविवारी वर्षभर सगळ्यांनी मिळून काम करायचा एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प निवडायचा होता. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, एकोडीच्या दामिनीकडे तर नुसता मोबाईल. तिन्हींवर चालेल असाच प्रकल्प हवा. दामिनीनं आधीच सांगितलं होतं, "सर, बाकीच्यायचं नुसतं पाहाले मी एसटीनं येणार नाही."

नावं दोनच आली होती: इकडच्या झाडीबोलीचा शब्दकोश आणि तंबोरा-झांज वाजवणारं सॉफ्टवेअर. भय्याजींचा जीव कशात अडकला हे सांगायला नको.

"थोडक्यात सांगतो," म्हणून ते उभे राहिले आणि चाळीस मिनिटं बोलले. पूर्वरंगात ओपन सोर्सची महती, उत्तररंगात दृष्टांत, मधे दोन ओळी गाऊनही झाल्या. शेवटी रंगात येऊन त्यांनी हात उंचावले, "बोला, पांडुरंग हरी!"

पोरं कीर्तनातच वाढलेली. अकराही जणांचे हात वर गेले. भय्याजींचे डोळे भरून आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं: तंबोरा, एकमताने.

"सर, हे काय लिहून राहिले?" प्रफुल्लनं विचारलं.

"तुम्हीच तं हात वर केले ना!"

"ते देवाले केले जी! तंबोऱ्याले कोण केले?"

खोलीभर हशा उसळला. दामिनी तेवढी हसली नाही. "सर, तंबोरा मोबाईलवर चालते काय?"

भय्याजींनी प्रकल्पाचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत होतं: फक्त विंडोजसाठी. ज्याची एवढी महती गायली, त्याची पहिली ओळ या महाराजांनी वाचलीच नव्हती.

"नाही चालत, बाई."

दामिनीनं वही पिशवीत घातली.

"थांब, पोरी! चूक माझी. आता मत घेऊ, अन् देवाले मधात आणत नाही."

शब्दकोशाला अकरा हात आले. बारावा भय्याजींचा, वर जाताना जरा जड झाला, पण गेला.

दामिनीनं मोबाईलवरच, ब्राउझरमध्ये, शब्दकोशाचा कोड उघडला. "चालते, सर! इथं दुरुस्तीबी करता येते."

"कसं, पोरी?" भय्याजी खुर्ची सोडून तिच्या बाकावर जाऊन बसले.

"सरका थोडं," दामिनी म्हणाली, "अन् आता बोलू नका, नुसतं पाहा."