शंभर फुटांचा कासरा

बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या पाच बायका दुपारी समाजमंदिरात जमायच्या. नीलांबरीबाई त्यांना गणित शिकवायच्या. त्या दिवशी फळ्यावर उदाहरण होतं : दोन बागांना सारखीच तार लागली. एक बाग चौरस, दुसरी लांबोडकी. मोठी कोणती?

"सारख्याच," लंकाबाई म्हणाली. "कासऱ्यानं मोजून बघितलंय मी."

मोजलं होतं ते खरंच. दोन वर्षांपूर्वी ती आणि नवरा अजिनाथ ऊसतोडीहून परतले, तर धाकट्या दिरानं, रंगनाथनं, घराशेजारच्या जागेचे वाटे पाडून ठेवलेले. त्याचा रस्त्यालगत, हिचा त्यामागं. दोन्हींभोवती एकच बैलाचा कासरा फिरवून त्यानं दाखवला. "बघा वहिनी, दोर त्योच. शंभर फूट. माळकरी माणूस हाय मी, खोटं बोलत न्हाई." वर कासराही तिच्याच हाती दिला, साक्षीला म्हणून. अजिनाथनं तर हात जोडले होते. यंदा घरकुल मंजूर झालं आणि साहेब येऊन म्हणाले, दहाच फूट रुंदी, भिंती धरून घर बसवायचं कुठं? लंकाबाईनं आपल्या नशिबाला बोल लावला होता.

"किती लांब, किती रुंद ते सांग," छबूबाई म्हणाली. ही गोधड्या शिवणारी. पिशवीत ठिगळं कायम.

"दिराची पंचवीस बाय पंचवीस. माझी चाळीस बाय दहा."

"पाच फुटाचं एक ठिगळ धर." छबूबाईनं सतरंजीवर ठिगळं मांडली. इकडं पाच ओळी पाच-पाचच्या, तिकडं दोन ओळी आठ-आठच्या. मग सुतळी काढून दोन्हींभोवती फिरवली. सुतळी दोन्हीकडं नेमकी पुरली. "किनारीची पट्टी सारखीच लागती गं. पर आत मोज."

लंकाबाईनं मोजलं. पंचवीस आणि सोळा. पुन्हा मोजलं.

"नऊ ठिगळं खाल्ली तुझ्या दिरानं," छबूबाई म्हणाली. "अन् माळ घालून खाल्ली."

बाई फळ्यावर परिमिती आणि क्षेत्रफळाची सूत्रं लिहीत होत्या. लंकाबाई वहीत हिशेब करत राहिली. वाटे सारखे व्हायचे तर मधल्या पंचवीस फुटी हद्दीचे दोन खुणेचे दगड त्याच्या अंगाला किती सरकायला हवेत? दोनदा चुकली. तिसऱ्यांदा छबूबाईनं भागाकार धरून दिला. साडेचार फूट.

"जाऊन भांड की मग," छबूबाई म्हणाली.

"घरात भांडले तर घरातच मिटवील. त्यानं देवाचं नाव घेऊन मोजलंय. देवाम्होरंच मोजीन."

गावात सप्ताह बसला. सात दिवस लंकाबाई कीर्तनाला जाऊन बसली, टाळ्या वाजवल्या, ओव्यांवर डोळे पुसले, आणि एकदाही तिच्या मनातून ते नऊ तुकडे हलले नाहीत. दिराकडं बघून ती रोज हसायची. तो बिचारा खूश व्हायचा.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. रंगनाथनं सासुरवाडीचे पाहुणे बोलावले होते, वीस-बावीस जण, फेटे बांधून. मंडपात बसायच्या जागा आखण्याचं काम लंकाबाईच्या बचत गटाकडं होतं. लंकाबाईनं तोच कासरा आणला आणि पाहुण्यांची जागा पांढऱ्या फक्कीनं आखून दिली : अठ्ठेचाळीस फूट लांब, दोन फूट रुंद, थेट चपलांच्या ढिगाला लागून.

पाहुणे गुडघे छातीशी घेऊन एका रांगेत बसले. एकाचा फेटा चपलांत पडला.

रंगनाथ तरातरा आला. "वहिनी, ही काय जागा झाली? माणसं हायत का मेंढरं?"

सगळा मंडप वळून बघू लागला. लंकाबाईनं कासरा त्याच्या हातात दिला. "शंभर फूट हाय, भाऊजी. फिरवून बघा. दोर त्योच."

त्याचा हात कासऱ्यावर थांबला.

"मोज की रंगनाथ," पाटावर बसलेले कीर्तनकार गोरक्ष महाराज म्हणाले. "वहिनी म्हणतीय तर मोज."

त्यानं मोजला नाही. गळ्यातल्या माळेशी बोटं चाळवत उभा राहिला. छबूबाईनं मात्र शेजारणीला सांगायला सुरुवात केली होती, आणि तिचा आवाज काही बारीक नव्हता. बाप्यांच्या रांगेपर्यंत नऊ ठिगळं पोचली. पाहुण्यांत त्याचा सासराही होता.

दहीहंडी फुटली. काला वाटला. एकमेकांच्या तोंडी घास भरवायची रीत. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणत नाही. रंगनाथ ओंजळीत काला घेऊन वहिनीसमोर आला. तिनं ओठ मिटले.

"लंकाबाई," अजिनाथ मागून पुटपुटला, "देवाचा परसाद हाय."

"देवाला दिसतंय समदं," ती म्हणाली. "आधी दगूड. साडेचार फूट."

रंगनाथनं काला तसाच द्रोणात ठेवला आणि उन्हात निघून गेला. त्याच्या मागं सासराही पहार घेऊन गेला.

तासाभरानं दोघं घामेजून परत आले. द्रोणातलं दही कडेनं सुकलं होतं. लंकाबाई उठली, छबूबाईचा टेप मागून घेतला आणि घराकडं गेली. परत आली ती सावकाश, डोक्यावरचा पदर नीट करत.

"एक दगूड बराबर हाय," ती म्हणाली. "दुसरा अर्धा फूट मागं हाय."

रंगनाथनं सासऱ्याकडं बघितलं. सासऱ्यानं पहार पुन्हा खांद्यावर घेतली. लंकाबाईनं द्रोणावर पान झाकलं, माशा बसू नयेत म्हणून, आणि भजनाला टाळ्या धरल्या.