बकुळेच्या डोक्यातली तार

हरताळाचा तिसरा दिवस. गिरण्यांचे भोंगे गप्प, लालबागेत सकाळीही चिटपाखरू नाही. त्या शांततेत दुधाच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं. पाहते तो हे औषधाच्या बाटलीत दूध ओतताहेत.

"जाईचं दूध आहे ते."

"अर्धं ठेवलंय. बकुळा कालपासून उपाशी असेल गं. मागच्या गल्ल्यांनी जातो."

"संचारबंदी आहे. गोळी लागली तर बकुळाच रडेल ना तुमच्यासाठी?"

"तू आहेस की," म्हणून हसले नि गेले.

बकुळा म्हणजे मांजरी. परळच्या एका प्रयोगशाळेत हे जनावरांची देखभाल करतात. डॉक्टरांनी तिच्या मेंदूत केसाएवढी तार बसवलीय. आतली हालचाल यंत्राच्या कागदावर रेघांनी उमटते. डॉक्टरांच्या वहीत तिला नुसता नंबर. नाव ह्यांनी ठेवलं. तिची जखम हे कापसानं पुसतात, तिच्याशी बोलत बसतात. माझ्या बाळंतपणात माझ्या कपाळावर एकदा तरी हात ठेवला होता का, ते मी आठवत राहिले.

मग देवापुढे पानसुपारी मांडली आणि गावच्या रीतीनं गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, ती मांजरी आमच्या वाटेतून दूर होऊ दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मागून जाई ओरडली. गावी सगळे म्हणतात तशीच, पाच वर्षांची माझी पोर. मला हसूच आलं.

पंधरवड्यानं हे संध्याकाळी घरी आले ते चहाही नको म्हणाले.

"रेघा बारीक होत होत बंद पडल्या."

"तार तुटली?"

"तार धड आहे. डॉक्टर म्हणतात, परकं काही आत शिरलं की शरीर गप्प बसत नाही. पेशी धावून येतात, तारेला चिकटतात. ती हटत नाही म्हटल्यावर तिच्याभोवती वणाची साल बांधतात. मग तारेला आतलं काही ऐकू येत नाही."

"आणि बकुळा?"

"उद्या मारणार तिला. ती साल बघायचीय."

ह्यांचे डोळे भरले. लाज वाटायला हवी होती. पण मला त्या पाण्याचाही हेवा वाटला. उठले, जाईच्या वाटचं सगळं दूध बाटलीत ओतलं नि ह्यांच्या हाती दिलं. "आत्ताच जा. पाजून या."

जाई माझा पदर ओढत होती.

"आई, मी 'व्हय महाराजा' म्हटलं नसतं, तर?"