वेशीबाहेरच्या सोंगट्या

आमच्या घरात मुक्या डावाचा नियम कडक आहे. नवा खेळ तयार झाला की दोन अनोळखी माणसं बोलवायची, नियमपुस्तिका त्यांच्या हातात द्यायची आणि खेळ रचणाऱ्यांनी भिंतीला टेकून गप्प बसायचं. तोंडातून शब्द गेला की डाव रद्द.

त्या दिवशी मुलगी आणि जावई असेच बसले होते. शेजारी मी. समोर टेबलावर मुलीचा पट मांडलेला. फार जुन्या काळी एका सम्राटाने बंदरावरची नगरी जाळली होती. नगरीचं आरमार वेळेवर परतलं असतं तर काय झालं असतं, एवढ्याच सवालासाठी पोरीने नोकरी सोडली होती. प्रकाशक खुर्चीत बसून डाव बघत होता. त्याला पटला तर तो खेळ छापणार होता.

नगरीच्या बाजूने एक नर्स खेळत होती, सम्राटाच्या बाजूने तिचा भाऊ. नर्सने पुस्तिका वाचली, शेवटचं, गुण कसे मोजायचे ते पान पुन्हा वाचलं आणि पहिल्याच चालीला वेस उघडली.

"शरण," ती म्हणाली.

"अगं, मी अजून सैन्यही हलवलं नाही."

"मग नकोच हलवूस. कोठारं शाबूत, तट शाबूत, गोदी शाबूत. सगळ्यांचे गुण मला. माणसं गुलाम म्हणून तुला, त्यांना गुणच नाहीत. मोज."

त्याने मोजले. ती जिंकली होती.

नगरीची माणसं म्हणजे लाकडी सोंगट्या. मी चाकूने तासलेल्या, प्रत्येकीचा चेहरा निराळा. टेबलावरचा चुरा सारावा तशा तिने त्या तळहाताने वेशीबाहेर सारल्या. माझं डोकं भणाणलं. पण ते शेवटचं पान मीही बोट ठेवून ठेवून वाचलं होतं. आम्ही हा डाव किती वेळा खेळलो, पण वेस उघडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणून पानावर काय राहून गेलं ते दिसलं नाही.

प्रकाशक खुशीत हसला. "झकास. हे असंच ठेवा. अशी पळवाट सापडली की लोक चार जणांना सांगतात."

"डाव संपला ना?" मुलीने विचारलं. "मग बोलते. ही पळवाट नाही, माझी चूक आहे. नियम बदलणार. गुण माणसांना मिळतील."

"ताई, शरण जाणं हाही इतिहासच असतो."

"असतो. त्याला जिंकणं म्हणत नाहीत."

"म्हणजे सगळा खेळ पुन्हा तोलणार. तोवर मी थांबत नाही. तुमच्या जागी दुसरा खेळ छापेन."

जावई उठला. "अहो, बदलत नाही आम्ही. आहे तसा घ्या."

मुलगी त्याच्याकडे वळली. "म्हणजे तूही वेस उघडलीस."

"मी घर सांभाळतोय."

"बरोबर. कोठारं शाबूत."

नर्स ओशाळली. "मी फक्त पुस्तिकेत होतं तसं केलं हो."

"तुमचा काय दोष, बाई," मी म्हणाले आणि सोंगट्या गोळा करू लागले.

"आजी, नमुना म्हणून त्या राहू द्या माझ्याकडे," प्रकाशक म्हणाला. "घरात बोलून घ्या, मग कळवा."

"पट न्या, पुस्तिका न्या. ही माणसं कुठं जायची नाहीत."

त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती गप्पच होती, मुका डाव अजून चालू असल्यासारखी. तो काही न घेता निघून गेला. त्याच्यामागून ती दोघं भावंडंही गेली. जावई स्वयंपाकघरात शिरला आणि भांडी आपटायला लागला.

मुलीने पुस्तिकेचं शेवटचं पान फाडलं. पट सरळ केला, माझ्या मुठीतली माणसं घेऊन पुन्हा तटाच्या आत उभी केली.

"आई, समोर बस. आज तू सम्राट."

"मी कायम नगरीच खेळते."

"आज तुला राग आलाय. नीट जाळ. बघू, माझ्या हातून किती माणसं वाचतात."

मी सैन्य हलवलं. आत भांडी आपटतच होती.