कांडीवरच्या सात गाठी

"सुटली! सातवी सुटली!" शंभूनाथ महाराज माइकवर ओरडले आणि विश्रांतवाडीतल्या त्या मंगल कार्यालयात दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

गादीवर एक बाई उताणी झोपली होती. महाराजांनी तिच्या पोटावर तांब्याची कांडी आडवी धरली, कांडीभोवती लाल दोऱ्याच्या सात गाठी मारल्या, मंत्र पुटपुटला, कांडी अलगद काढून घेतली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं तिच्याच हातात दिली. तिनं ओढलं. गाठी गायब, दोरा सरळ.

"डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात! दुर्बिणीला आतडं दिसतं, आतड्याला बसलेली गाठ दिसत नाही. त्याला वरचा कॅमेरा लागतो!" महाराजांनी वर बोट दाखवलं. वर पंखा होता.

असले बाबा आणि त्यांचे पंखे मी चाळीस वर्षं बघतोय. आता चीडही येत नाही, नुसता थकवा येतो. आलो ते ऋतुजासाठी. ती सहावीतली, दुपारी माझ्याकडे विज्ञान शिकायला येते. तिच्या आईची, रुपालीची, दुर्बिणीनं तीन ऑपरेशनं झालेली: अपेंडिक्स, मग बीजकोशावरची गाठ, मग पित्ताशय. पोटावर नखाएवढे व्रण, पण महिनाभर आत कळा. आता दोन दिवस उलट्या आणि पोट नगाऱ्यासारखं.

"सर, आईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही," ऋतुजा म्हणाली. "आजी म्हणते, महाराजांचे सात गुरुवार होईपर्यंत दवाखाना नाही. तुम्ही सांगा ना."

आजी म्हणजे सोजरबाई. चौकात गजरे विकतात. रुपालीला भिंतीला टेकवून रांगेत बसल्या होत्या, तिथंही मांडीवर टोपली आणि हात चालू.

"सोजरबाई, हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"तीन डाव नेलं की, सर! पोरीच्या पोटाची चाळण झालीय. हितं गाठी सुटत्यात, बघितलं न्हवं तुमी?"

"बघितलं. पण गाठ दोऱ्याची, मग कांडी कशाला लागते?"

"म्हंजी?"

मी खिशातलं पेन पुढं केलं. "यावर सात गाठी मारा. गजऱ्यात फुलांना मारता तशाच."

त्यांनी टोपलीतला दोरा घेतला. बोटं झरझर फिरली. सात झाल्या.

"आता पेन काढून घ्या. आणि दोरा ओढा."

दोरा सरळ झाला. सोजरबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"फुलं निसटली की गजरा असाच उसवतो," त्या हळू म्हणाल्या. "जल्मभर ह्याच हातानं करती मी हे. अन् मलाच कळू नये?"

नंबर आला तशा त्या रुपालीला माझ्याजवळ सोडून एकट्याच पुढं गेल्या.

"म्हाराज, आज कांडी नगं. गाठी मी मारती, तुमी सोडवा."

"माते, श्रद्धा ठेव."

"श्रद्धा हाय. कांडी खाली ठिवा."

त्यांनी नुसत्या दोऱ्यावर सात निरगाठी मारल्या. महाराजांनी ओढलं. गाठी आणखी घट्ट झाल्या.

"आज योग नाही," महाराज म्हणाले.

"मग माइक तरी बंद करा," मागून एक आजोबा म्हणाले. थोडे लोक हसले, काही उठले. रुपालीला घेऊन आम्ही निघालो, तसे बाकीचे पुढं सरकून आमच्या रिकाम्या जागेवर बसले.

दवाखान्यात रुपालीच्या नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. सुनीती नावाच्या तरुण सर्जनना मी म्हटलं, "या मुलीला समजेल असं सांगाल?"

"ओले पापड एकावर एक ठेवले तर काय होतं?" त्यांनी ऋतुजाला विचारलं.

"चिकटतात."

"तसंच. ऑपरेशनची जागा आतून भरून येताना चिकट पडदे तयार होतात. आतडी एकमेकांना चिकटतात, कधी दुमडतात, वाट बंद होते. बाहेरचा व्रण लहान म्हणून आतलाही लहान असेल असं नाही."

"मग कापून मोकळं करा की," सोजरबाई म्हणाल्या.

"वेळ आली तर करू. पण प्रत्येक ऑपरेशननं नवे पडदे तयार होऊ शकतात. आधी आतड्याला विश्रांती देऊन बघू. आणखी उशीर झाला असता तर आतडं काळं पडू शकलं असतं."

रुपाली क्षीण आवाजात म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नाही. दुखतं म्हटलं की म्हणायचे, ऑपरेशन सक्सेसफुल आहे. महाराजांनी निदान ऐकून तरी घेतलं."

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सरला, म्हणजे आतड्याची वाट मोकळी झाली. सोजरबाईंनी ही बातमी अख्ख्या वॉर्डला ओरडून सांगितली. ऑपरेशन लागलं नाही. पुन्हा असं होऊ शकतं, हेही डॉक्टरांनी या वेळी नीट बसून सांगितलं.

महाराजांचा मांडव आता दुसरीकडे पडलाय म्हणतात. म्हणून एवढंच सांगतो. बाबा असो की डॉक्टर, विचारा: हे कसं होतं? जो समजेपर्यंत सांगतो, त्याच्याजवळ बसा. जो तुमची श्रद्धा कमी पडली म्हणतो, त्याच्यासमोरून उठा. आणि पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.